पाच खटक्यांतले दोन

मास्तर, तुमच्या पाच खटक्यांपैकी दोन मी काढले. आधी हे सांगून टाकते, कारण तुमची सवय मला माहीत आहे. कापड कापून झालंय की अजून अखंड आहे, हे कळल्याशिवाय तुम्ही गिऱ्हाइकाचं पुढचं बोलणं ऐकून घ्यायचा नाहीत. तर कापून झालंय. एक खटका लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहे, वर चिठ्ठी चिकटवून. दुसरा कुठं आहे ते पुढं येईल. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा मी दहावीत होते. आता बी.एस्सी. झालेय, इथल्याच एका खासगी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, आणि घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे गॅसच्या नळीपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं मला दाखवायला आणतात. "तू शिकलेली हाईस, तूच सांग." तुमच्या खटक्यांचंही तसंच झालं. मी ठरवलं. पण ज्या रीतीनं ठरवलं ती मी विद्यार्थ्यांना शिकवीन अशी नाही.

झालं असं की तुमच्या मागं एकट्या राहिलेल्या चाची सोनपेठ सोडून नांदेडला लेकीकडे राहायला निघाल्या. बाजाराच्या रस्त्यावरचं दुकान द्यायचं ठरलं. दोन्ही शिलाई मशिनी गेल्या, इस्त्री गेली, ज्याच्या कडेवर खडूनं मापं लिहून लिहून पांढरा थर बसला होता ते काउंटरही गेलं. मागच्या भिंतीला, चादरीखाली, तुमचं पेडल स्टील गिटार तेवढं उरलं. चाचींनी मला बोलावून घेतलं आणि चादर ओढली. "देख, बजता क्या. बजा तो तू लेके जा. नै बजा तो भंगारवाला कोने पे बैठाच है." मी लगेच हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "रुक. दुकान बंद करते वक्त वो एक धुन बजाते थे ना, वो बजाके दिखाना. और सुन, इसके वास्ते कोई झगडा हुआ, तो मैं किसी कोच नै देती. भंगार को देके बस में बैठ जाती." आठ दिवसांनी त्या जाणार होत्या. मला ते वाद्य हवंच होतं, मास्तर. रविवारी पोरींचा एक वर्ग सुरू करायचाय मला, फी न घेता. शाळेला मी तीन पानी प्रस्ताव दिला होता. त्यात 'सर्वांगीण' हा शब्द पाच वेळा आलाय हे देऊन झाल्यावर लक्षात आलं. तरी शाळा म्हणाली, वाद्य आणा, खोली देतो.

हे नेमकं काय आहे, असं बघणारा प्रत्येक जण विचारतो. मी सांगते ते बरोबर आहे का बघा. मी म्हणते, हे आडवं ठेवलेलं गिटार आहे. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवली की सूर सरकतो, पण सगळ्या तारा सारख्याच सरकतात. त्यातली एखादीच तार वर चढवायची किंवा खाली उतरवायची असेल तर पायानं पेडल दाबायचं, नाहीतर गुडघ्यानं खटका बाजूला ढकलायचा. खालून ओढ बसते आणि तेवढीच तार हलते. मग लोक विचारतात, हे सोनपेठात कसं आलं? तेव्हा मी तुमची सिकंदराबादची गोष्ट सांगते. तरुणपणी तुम्ही तिथं एका टेलरकडे कारागीर होतात, आणि एका ऑर्केस्ट्राचे कोट-पँट तुमच्याकडे शिवायला यायचे. वाजवणाऱ्याची पँट आखूड झाली म्हणून तुम्हाला तालमीच्या जागी पाठवलं. तो गृहस्थ जागचा उठेना. वाजवतानाच लांबी धर म्हणाला. म्हणून तोंडात टाचण्या धरून तुम्ही तासभर त्या वाद्याखाली बसलात. पेडल कशी ओढतात, खटका कुठं वळतो, सळ्या कशा जातात, सगळं तुम्हाला पाठ झालं. वरची बाजू तुम्ही बघितलीच नाही. "वर तारा किती होत्या?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही चिडलात. "म्या काय वर बघायलो होतो का? म्या पँट बघायलो होतो!" तुमच्या वाद्याला आठ तारा आहेत, कारण जुन्या दाराची जी सागवानी फळी मिळाली तिच्यावर आठच मावल्या. खाली शिलाई मशीनचे बिडाचे पाय, ओढायला सायकलच्या ब्रेकच्या वायरी आणि छत्रीच्या काड्या, हातातली कांडी म्हणजे स्कूटरच्या पिस्टनची पिन, आणि आवाजाला जुना रेडिओ. गावानं त्याला कधी गिटार म्हटलं नाही. गाव म्हणायचं, मास्तरचं मशीन.

आई तुमच्याकडची काज-बटणं करायची, म्हणून शाळा सुटली की मी तुमच्या दुकानात. आधी बघत बसायचे, मग एक दिवस तुम्ही पिस्टनची पिन माझ्या हातात दिलीत. आईची हरकत वाजवण्याला नव्हती, बसण्याला होती. "वाजवू दे की मास्तर, पर पोरीच्या जातीनं गुडघं फाकवून बसायचं, हे कुठलं वाजाप म्हणायचं?" तुम्ही गळ्यातली टेप काढून माझं माप घेतलंत. पुढच्या बाजारापर्यंत गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडातली एक सलवार तयार. एवढ्या घेराची, की आत माझ्यासारख्या दोघी राहिल्या असत्या. खाली चार बोटं दाब सोडलेला. "वाढत्या अंगाची हाय," तुम्ही म्हणालात. आईनं मला ती घालून बसवलं, चारी बाजूंनी फिरून बघितलं. "हिच्यात गुडघं हाईत का न्हाईत तेच कळंना." "मग झालं की," असं म्हणून तुम्ही शिलाई मशीन चालू केलंत. तो दाब मी दोनदा उसवला. तिसऱ्यांदा उसवायला काही उरलं नाही, पण मीही तेवढीच राहिले.

आता खटक्यांचं. चादर काढली त्याच दिवशी मी सुतारकाकांना आणलं. ते फळीखाली आडवे झाले, बोटानं ठोकलं, आणि खालूनच बोलले. "तडा गेलाय. आडवी लोखंडी पट्टी मारली तर टिकंल. पर पट्टीला जागा पायजे. दोन खटके काढ." मी विचारलं, "कुठले?" "कुठले बी काढ. बाकीचे सरकवून देतो. मला कशाला इचारतीस, शिकलेली तू हाईस." मी खाली वाकून बघितलं. डाव्या गुडघ्याला तीन, डावीकडे, उजवीकडे आणि वर. उजव्या गुडघ्याला दोन. आणि माझ्या लक्षात आलं, की कुठला कशासाठी आहे हे सोनपेठात फक्त मला माहीत आहे. म्हणजे एक सोडून. त्या एकाची गोष्ट आधी सांगते, कारण त्यात माझे तीन दिवस गेले.

डावा गुडघा वर उचलला की जो खटका लागतो, त्याला वायर दिसत नव्हती, तुटून गेली असावी असं मी धरलं. कुठल्या तारेला जोडला असेल याचा पत्ता नाही. तुम्ही तो मला कधी वापरू दिला नव्हता, पण तुमचा गुडघा कायम त्याला टेकलेला असायचा. माझी खात्री झाली की यात काहीतरी खोल आहे. मी वहीत आकृती काढली, तारांची ओढ मोजली, आणि चार पानं लिहिली. तुम्ही या खटक्यानं रिषभ एका श्रुतीनं उतरवत असणार, आणि तो बदल इतका सूक्ष्म असणार की ऐकणाऱ्याला तो नुसता जाणवत असणार, असा माझा निष्कर्ष होता. चौथ्या पानावर 'दुर्लक्षित प्रतिभा' असा शब्दप्रयोग आहे. तो खटका कुठल्याही परिस्थितीत ठेवायचाच, असं ठरवून मी ती पानं चाचींना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "उसकू तार कब थी गे? सिलाई मशीन चला चला के उनका घुटना दुखता था. टेकने के वास्ते लगाए थे." त्यांनी उठून मला चहा दिला. चार पानं मी पिशवीत ठेवली. पहिला खटका असा ठरला. तो आता बरणीत आहे.

उरले चार. उजवा गुडघा बाहेर ढकलला की सा कण्हत खाली येतो तो रडका खटका. दुकान बंद करतानाच्या तुमच्या धुनेत तो हवाच, आणि ती धून वाजवल्याशिवाय चाची वाद्य देणार नाहीत, म्हणजे त्याला हात लावायचा नाही. उजवा गुडघा आत घेतला की जो लागतो तो माझ्या मामाचा. मामा जयंतीच्या गायन पार्टीत गातो. आवाज मोठा, हिंमत त्याहून मोठी, पण वरचा सा यायच्या दोन पावलं आधी त्याचा दम संपतो. तेव्हा तुम्ही गुडघा आत घ्यायचात, तार वर चढायची, आणि टाळ्या पडायच्या. मामाला आजही वाटतं की वर तोच पोचतो आणि मशीन त्याला नुसती साथ देतं. डावा गुडघा उजवीकडे गेला की गुरुजींचा. गुरुजी म्हणजे आमच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक, निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली. आणि डावा गुडघा डावीकडे गेला की गंधार कोमल होतो, तो माझा. माझा हात लहान होता, कांडी सरकवून तो सूर नेमका सापडत नव्हता, रडकुंडीला यायचे. एक दिवस तुम्ही म्हणालात, "हा खटका खास तुझ्यासाठी हाय. हातानं येईस्तोवर वापर."

गुरुजींच्या खटक्यावरून तुम्ही मला एकदाच रागावला आहात. मी सातवीत आहे. रोज सकाळी तुमचं मशीन शाळेच्या ओट्यावर आणलेलं असतं, गुरुजी डोळे मिटून हात वर-खाली करतायत, आणि आम्ही तीनशे पोरं प्रार्थना म्हणतोय. दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही सगळे मिळून खाली घसरतो. तीनशे पोरं एकदम घसरतात त्यामुळे ते कुणाला कळत नाही, पण मशीन जागेवर असतं त्यामुळे कळतं. म्हणून तुम्ही खटका केलात. पोरं उतरली की गुडघा उजवीकडे, आणि मशीनही पोरांबरोबर उतरतं. कांडी मागे सरकवूनही हे झालं असतं. मी तसं विचारलं. तुम्ही म्हणालात, "हात गुरुजीला दिसतो. गुडघा दिसत न्हाई." गुरुजी प्रार्थना झाल्यावर डोळे उघडतात आणि म्हणतात, "बघा, जिल्ह्यात अशी सुरेल शाळा नाही." मला हे सहन होत नाही. विज्ञानाच्या बाईंनी सत्याचा शोध म्हणून धडा शिकवलेला असतो. मी दुकानात येऊन जाहीर करते, की मी गुरुजींना सांगणार. तुम्ही शिलाई थांबवता. कात्री खाली ठेवता. "तुला वाजवायला शिकवलंय," तुम्ही म्हणता, "गवाही द्यायला न्हाई." मग दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, आणि मी काज-बटणांच्या डब्याशेजारी बसून सत्यासाठी असा त्रास सोसावाच लागतो असं मनाशी म्हणत राहते.

तर मास्तर, सुतारकाकांना एखादी गोष्ट सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. शनिवारी शाळा सुटून मी दुकानात पोचले तर गुरुजी स्टुलावर आणि मामा दारात. गुरुजींना शाळेच्या संमेलनात याच मशीनवर प्रार्थना घ्यायची होती. मामाची एप्रिलमधली जयंती तोंडावर होती. मला आनंदच झाला. मी म्हणाले, आपण हे लोकशाही पद्धतीनं ठरवू. मी तक्ता करूनच आणला होता. खटका, त्याचं कार्य, लाभार्थी, सामाजिक उपयोग, शैक्षणिक उपयोग, एकूण गुण. खरं कार्य लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून तिथं मी 'सूरबदल' असं सगळीकडे लिहिलं होतं, आणि त्या दोघांच्या खटक्यांपुढं लाभार्थी म्हणून नुसतं 'प्रार्थना' आणि 'जयंती'. गुरुजींनी चष्मा लावून तक्ता वाचला.

"गंधाराच्या खटक्याला शैक्षणिक उपयोगात दहापैकी नऊ आहेत. लाभार्थी, नवशिके विद्यार्थी. हे विद्यार्थी कोण कोण, बाळा?"

"पुढं पोरी येतील ना, गुरुजी."

"सध्या कोण आहे?"

"सध्या मीच."

मामा दारातून हसला. "म्हंजी परीक्षक बी तूच अन् पैला नंबर बी तुझाच! शिकल्याचा फायदा हाय बघा गुरुजी."

तिथंच मी माझा खटका काढते म्हणाले असते तर विषय मिटला असता. ते माझ्या तत्त्वात बसलं असतं. मी तोंडही उघडलं होतं. पण धुनेत गंधार चार वेळा येतो, चाचींना ती धून उद्याच ऐकवायची होती, आणि माझ्या हातावर माझा भरवसा नव्हता. तेवढ्यात त्या दोघांचं सुरू झालं.

"प्रार्थना हा संस्कार आहे," गुरुजी म्हणाले. "तीनशे मुलं एका सुरात. ते या खटक्याशिवाय कसं होणार?"

"गुरुजी, प्रार्थना पाच मिंटाची. माझी तान ऐकायला आठ गावचं लोक येत्यात."

"तुझी तान मी ऐकली आहे. ती तुझी की मशीनची, याबद्दल गावात दोन मतं आहेत."

मामा आत आला. "आसं? अन् तुमची पोरं सुरात गायची म्हणं! म्या तुमच्याच शाळंत होतो गुरुजी. खटका नव्हता तवाची प्रार्थना म्या स्वोता म्हणलेली हाय!"

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"मला काय म्हणायचंय ते ह्या पोरीला इचारा. मास्तरच्या मांडीला मांडी लावून बसत हुती. हिला समदं म्हाईत हाय."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. गुरुजींचा चेहरा मला अजून दिसतो. रागावलेला नव्हता. ज्याला एखादी शंका फार वर्षं होती आणि कुणी विचारू नये असं वाटत होतं, तसा होता. आणि मागं चाचींनी मशीनवर चादर टाकली, चारी टोकं खाली खोचली, आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारली, "ओ भाई! भंगारवाले! इदर आ रे."

मास्तर, मी रोज फळ्यावर सुविचार लिहिते. त्या आठवड्यात खरं बोलण्यावरचा होता. आणि मी म्हणाले, "मास्तर जायच्या आधी मला सांगून गेलेत."

पुढं काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं, पण तोंड चालू झालं होतं. मी म्हणाले, "मास्तर म्हणाले होते, गुरुजी शाळेत हाईत तोवर प्रार्थनेचा खटका ऱ्हाऊ दे. ते रिटायर झाले की काढ. तसं गाऊन घेणारं परत कुणी यायचं न्हाई, मग नुसता खटका ठेवून करायचं काय?" तुमच्या आवाजात बोलले मी, मास्तर. 'रिटायर'मधला र सुद्धा तुमच्यासारखा.

गुरुजींनी चष्मा काढला. रुमाल शोधला, सापडला नाही, तर सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या. "मास्तर असं म्हणाले?" मला मान हलवता येईना. मी खोटं बोलतेय हे मामाला कळलं असावं, कारण तो माझ्याकडे प्रथमच आदरानं बघत होता.

आणि मागून चाची म्हणाल्या, "हौ. बोल्ले थे. मेरे सामने बोल्ले." मग चादरीची टोकं सोडवत, जरा विचार करून, "दो बार बोल्ले."

गुरुजी उठले. पहिला स्क्रू मी माझ्या हातानं सैल करतो म्हणाले. केलाही, जमिनीवर बसून, घाम पुसत. मामानं त्यांना उठायला हात दिला. तो खटका मी बरणीत ठेवायला निघाले तर गुरुजींनी हात पुढं केला. आता तो त्यांच्या घरी काचेच्या कपाटात आहे, आदर्श शिक्षकाच्या मानपत्राशेजारी. भंगारवाला तेवढ्यात खरंच आला होता. चाचींनी त्याला फुटका टप दिला आणि घालवलं.

दुसऱ्या दिवशी सुतारकाकांनी पट्टी मारली. मी ती निळी सलवार घालून गेले होते, शिवण दोन ठिकाणी उसवलेली. रेडिओ बराच वेळ नुसता खरखरला, मग लागला. रिकाम्या दुकानात बसायला काही नव्हतं, म्हणून चाची भिंतीला टेकून जमिनीवरच बसल्या. मी तुमची धून वाजवली. पहिल्या ओळीत पेडल अडकलं, दुसरीत मी अडकले, मग गेली नीट. रडका खटका बरोबर रडला. मला वाटलं, चाचींच्या डोळ्यांत पाणी येईल. त्या म्हणाल्या, "वो जल्दी बजाते थे. भूक लगी रहती थी." मग बोट दाखवून विचारलं, "वो बायाँ घुटना कायकू मारती बार बार?" त्या खाली बसल्या होत्या, त्यांना सगळं दिसत होतं. मी खरं सांगितलं, की कोमल गंधार मला अजून हातानं लागत नाही. हा खटका मास्तरांनी खास माझ्यासाठी केला होता.

चाची हसायला लागल्या. "तेरे वास्ते? तू तो पैदा भी नै हुई थी, तब से है वो. उनकू कब लगता था हाथ से!"

मास्तर, तुम्ही मला तोंडावर सांगितलं होतंत. खास तुझ्यासाठी. डोळ्यांत बघून, खडूनं खूण करत करत. मी कॉलेजात असताना एका निबंधात ते लिहिलंय, त्याला बक्षीस मिळालंय.

हे पत्र मी चाचींना फोनवर वाचून दाखवावं म्हणून लिहायला घेतलं. म्हणजे निदान त्या एकीपाशी तरी मी खरी राहिले असते. पण मागच्या रविवारी वर्ग संपल्यावर (पाच पोरी येतात, सलवारी मला शिवता येत नाहीत, म्हणून सध्या मांडीवर चादर टाकून बसतात) मी त्यांना फोन केला आणि जरा घुटमळत विचारलं, चाची, मास्तर तसं खरंच म्हणाले होते का हो? त्या रागावल्या. "बोल्ले थे ना! वहीं चूल्हे के पास बैठके बोल्ले. मैं रोटी डाल रही थी. तूच भूल गई." पुढं त्यांनी तुम्ही त्या दिवशी काय जेवलात तेही सांगितलं. तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखवता येत नाही. गुरुजींना तर नाहीच. त्यांनी संमेलनात तुमचं ते वाक्य माइकवरून सांगितलं, आणि आता शाळेच्या भिंतीवर ते रंगवायचं म्हणतायत, खाली तुमचं नाव घालून. मी शुद्धलेखन तपासून द्यायचं आहे.

तेवढं एक काम करा, मास्तर. गुरुजींची तब्येत ठणठणीत आहे, रोज नदीपर्यंत फिरून येतात, पण कधीतरी तेही तिकडं येतीलच. आले की सगळ्यात आधी तुम्हाला शोधून तुमचे आभार मानणार आहेत, असं ते मला दोनदा म्हणालेत. तेव्हा गोंधळून जाऊ नका. हातातलं काम बाजूला ठेवा आणि हो म्हणा. आणि किती वेळा म्हणालात असं त्यांनी विचारलं, तर दोन वेळा सांगा.